साऊंड शिकायला विद्यापीठात जावं का? बारावी झालेल्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली, ७१ टक्के पडले, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही होतं. वडील शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आहेत आणि रात्री भजनी मंडळात पेटी धरतात. त्यांच्याकडनंच तू पेटी शिकलीस, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांतली मध्यमा पूर्ण झालीस. दोन वर्षं लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करून मिक्स करतेस. आता विद्यापीठात जाऊन म्युझिक आणि साऊंड टेक्नॉलॉजी शिकायचंय. एका खासगी संस्थेनं वर्षाच्या कोर्सचे साडेपाच लाख सांगितले. वडील म्हणतात इंजिनिअरिंग कर आणि हे छंद म्हणून ठेव, मैत्रिणी म्हणतात यूट्यूबवर सगळं फुकट आहे. यातलं खरं कुणाचं, आणि कोल्हापूर सोडावं लागेल का?

आधी एक सांगतो. 'मी मुलगी आहे' असं लिहून पुढच्याच ओळीत 'मी पेटी वाजवतो' लिहिलंस, त्यामुळं गाव कुठलं ते वेगळं सांगायची गरजच उरली नाही. माझी मुलगीही असंच बोलते आणि पुण्यात गेली की लोक माना वळवून बघतात. वयानं तू तिच्याएवढीच असशील, म्हणून अगं-तुगं करतो. राग मानू नको.

माझं म्हणशील तर कोल्हापुरातच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, मग एका मोठ्या शहरात साऊंडचा वर्षाचा डिप्लोमा, आणि २००१ पासून हेच काम. नाटकं, मंडळांचे कार्यक्रम, शास्त्रीय गाण्याची रेकॉर्डिंग, आणि अलीकडं सभागृहांच्या साऊंड सिस्टीमचं डिझाइन. सिनेमाच्या साऊंडमध्ये मी जेमतेम पाय बुडवलाय, त्यामुळं तिथलं जरा हात राखून सांगेन.

तू विचारतेस कुठल्या कोर्सला जाऊ. पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसराच एक प्रश्न आहे आणि तो तुझ्या मैत्रिणींनी नकळत बरोबर पकडलाय. सगळं फुकट मिळत असेल तर पैसे आणि वर्षं घालवायची कशासाठी? म्हणजे घरी एकटीनं बसून जे येणारच नाही, असं या विद्येत काय आहे ते आधी शोधायला पाहिजे. सॉफ्टवेअर त्यात येत नाही. आवाजाची चढ-उतार आवरणारा कॉम्प्रेसर कसा लावायचा, घुमारा देणारा रिव्हर्ब किती सोडायचा, हे तू दोन वर्षांत स्वतःच शिकलीस. ते पुन्हा शिकायला लाखांनी पैसे मोजायचं कारण नाही.

मग काय येणार नाही? एक प्रसंग सांगतो. बरीच वर्षं झाली. मंगळवार पेठेत एका बुजुर्ग गवयांच्या घरी रेकॉर्डिंग होतं. मिरजेचा तानपुरा, काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला लावलेला. मी दोन माईक लावले. एक घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, वीतभर अंतरावर, जवारीचा झणकार पकडायला. दुसरा मागं, सव्वादोन फुटांवर, भोपळ्याची गोलाई यावी म्हणून. दोन्हींची पातळी सारखी केली आणि एकत्र सोडले. हेडफोनवर मला झकास वाटत होतं. बुवांनी मिनिटभर ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "गंधार कुठं गेला?"

माझ्यासोबत एक पोरगा होता, कीबोर्ड-माऊसवर वाऱ्यासारखा हात चालायचा त्याचा. त्यानं लगेच ईक्यू, म्हणजे आवाजातला खालचा-वरचा भाग कमी-जास्त करायचं साधन, उघडला आणि गंधाराच्या आसपासचा भाग उचलायला लागला. सहा डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप), नऊ डीबी, बारा डीबी. आवाज खरखरीत झाला, गंधार काही आला नाही. शून्याला कितीनंही गुणलं तरी शून्यच.

तू पेटीवाली आहेस, तुला हे कळेल. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतनं न छेडलेला गंधार आपोआप बोलायला लागतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पुरुषांच्या काळी एकचा मधला षड्ज १३८.६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, त्याच्या निम्म्यावर, ६९.३. तार कंप पावते तेव्हा मूळ कंपनासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशीही कंपनं निघतात. पाचपट म्हणजे ३४६.५ हर्ट्झ. तोच हा गंधार. आता ध्वनीचा हवेतला वेग साधारण सेकंदाला ३४४ मीटर धर. ३४६ हर्ट्झच्या लहरीची लांबी झाली जवळपास एक मीटर. माझा एक माईक घोडीपासून २० सेंटिमीटरवर, दुसरा ७० वर. फरक बरोबर ५० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी लहर. एका माईकमध्ये लहर वर असताना दुसऱ्यात ती खाली. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना खाऊन टाकतात. बुवांचा गंधार मी माझ्याच हातानं पुसला होता. मागचा माईक बंद केला, पुढचा हातभर मागं घेतला, गंधार परत आला. बुवांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

हे सगळं गणित मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला केलं होतं, मार्कांसाठी, कशाशी संबंध न लावता. पण बुवा नसते तर गंधार गेलाय हे मला कळलंसुद्धा नसतं. बुवांना गेलेला ऐकू आला, का गेला ते सांगता आलं नसतं. त्या पोराच्या हाताला वेग होता, पण तो चुकीच्या ठिकाणी खणत होता. विद्यापीठात म्युझिक आणि साऊंड टेक्नॉलॉजी शिकायचं ते या तिघांची कामं एका डोक्यात यावीत म्हणून. तुझा कान बुवांच्या वाटेवर आहे, हात त्या पोराच्या. फिजिक्सला किती मार्क पडले ते तू लिहिलं नाहीस, पण विषय घेतलास हेच निम्मं काम.

बाहेरच्या देशांत हे फार आधी ओळखलं गेलं. जर्मनीत डेटमोल्डला १९४९ पासून टोनमायस्टर घडवतात. टोनमायस्टर म्हणजे स्वरलिपी हातात धरून रेकॉर्डिंग करणारा, संगीतही कळणारा आणि यंत्रही कळणारा माणूस. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठानं १९७० मध्ये हाच अभ्यासक्रम सुरू केला. त्यात संगीत, ध्वनिशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि रेकॉर्डिंग एकत्र शिकवतात, आणि मधलं एक वर्ष विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामावर पाठवतात. तू तिकडं जा असं मी म्हणत नाही, तो खर्च तुला-मला झेपणारा नाही. पण आपल्याकडच्या कुठल्याही कोर्सची पुस्तिका हातात आली की ती या मापानं मोज. ध्वनिशास्त्र शिकवतात का? गणित आहे का? कानाचं प्रशिक्षण रोज होतं का? का नुसती सॉफ्टवेअरची नावं छापलीत?

ध्वनिशास्त्र का लागतं त्याचा अजून एक दाखला देतो, कारण इथं बहुतेक साऊंडवाले मार खातात. हार्वर्डमध्ये एका व्याख्यानगृहात बोललेलं कळतच नव्हतं. १८९५ मध्ये ते काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडं आलं. तो रात्री जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये टाकायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचा. त्यातनं निघालेलं सूत्र आजही आम्ही वापरतो: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. उत्तर सेकंदात येतं, म्हणजे आवाज ६० डीबीनं खाली यायला लागणारा वेळ.

आता नाट्यस्पर्धेचा दिवस डोळ्यांपुढं आण. दुपारी रिकाम्या थिएटरात साऊंड चेक. समज ४,००० घनमीटरचं सभागृह आहे, भिंती, पडदे, लाकडी खुर्च्या मिळून शोषण ४०० चौरस मीटर. उत्तर १.६ सेकंद. सगळं घुमतंय, म्हणून ऑपरेटर ईक्यूमध्ये खालचा भाग कापत सुटतो. रात्री ६०० माणसं येऊन बसतात. एकेक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषतो, म्हणजे २७० वाढले. आता उत्तर एक सेकंदाच्याही खाली, ०.९६. संवादाला सुरेख. पण दुपारी कापलेलं तसंच राहिलेलं असतं आणि नट टिनाच्या डब्यातनं बोलल्यासारखे वाटतात. ही चूक मी केशवराव भोसले नाट्यगृहात केली आहे, आणि परीक्षकांनी शेऱ्यात ध्वनियोजनेवर एक ओळ लिहिली होती ती अजून पाठ आहे. १९१५ चं ते थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. खासबागेकडनं जाताना मी अजून मान तिकडं वळवत नाही. असो.

आता तुझ्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बोलू, कारण इथं सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही. घरात पैसा किती मोकळा आहे, हा पहिला मुद्दा. कर्ज काढून साडेपाच लाख भरायचे असतील तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. पैसा अडत नसेल तरी अठराव्या वर्षी तो कोर्स करू नको, पदवीनंतर कर. दुसरा मुद्दा, तुला काम कुठलं करायचंय? लाइव्ह कार्यक्रम, नाटक, सिनेमा, रेकॉर्डिंग, सभागृहांचं डिझाइन, सगळ्याला बाहेरून साऊंडच म्हणतात, पण आतून हे वेगवेगळे धंदे आहेत. तुला आत्ता हे ठरवता येणार नाही आणि ठरवूही नको. म्हणूनच दारं उघडी ठेवणारी वाट पकड. तिसरा, रात्री-बेरात्री काम असतं. मुलीला घरनं किती मोकळीक मिळते हे मी ठरवू शकत नाही, पण माझ्यासोबत काम केलेल्या दोन मुलींनी पहिल्या वर्षी घरच्यांना एक-दोन कार्यक्रमांना सोबत आणलं, काम दाखवलं, मग विषय मिटला.

माझ्या डिप्लोमाचं सांगतो, म्हणजे साडेपाच लाखांबद्दल इतकं तोंड वाकडं का करतो ते कळेल. वडिलांनी शेतीचे पैसे मोडून फी भरली. पुस्तिकेत मोठ्या कन्सोलचा, म्हणजे स्टुडिओतल्या मिक्सिंगच्या टेबलाचा, फोटो होता. प्रत्यक्षात चाळीस मुलं, एक स्टुडिओ. वर्षभरात त्या कन्सोलवर माझ्या नावाचे तास आठ भरले, तेही चौघांत मिळून. शिकवणारे सर चांगले होते, पण ते दोन महिन्यांत सोडून गेले आणि पुढं मागच्या बॅचची पोरंच आम्हाला शिकवत होती. प्रमाणपत्र मिळालं. ते आजपर्यंत कुणी बघायला मागितलेलं नाही. बी.एस्सी.ची पदवी मात्र तीन ठिकाणी कामाला आली.

म्हणून कुठलीही संस्था बघायला गेलीस तर फोटोंपुढं उभी राहू नको. बॅच किती मुलांची, आणि आठवड्याला माझ्या एकटीच्या नावानं स्टुडिओ किती तास, हे विचार आणि लिहून माग. शेवटच्या वर्षाच्या पोरांना बाहेर चहाच्या गाडीवर गाठ, त्यांचं काम ऐकायला माग. शिकवणारे अजून स्वतः काम करतात का बघ. आणि डिग्री कुणाची ते तपास. 'संलग्न', 'मान्यताप्राप्त', 'इंटरनॅशनल' हे शब्द बोर्डावर रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही. विद्यापीठ कायद्यानं झालंय का हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत दिसतं, आणि बोगस विद्यापीठांचीही यादी यूजीसी काढते. दोन्ही बघायला दहा मिनिटं लागतात.

माझ्या मते तुझी वाट अशी. कोल्हापुरातच फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. कर. राजाराम कॉलेज आहे, विवेकानंद आहे, गोखले आहे, फी तुझ्या घराला झेपेल. त्याच वर्षांत पेटी सोडू नको, विशारद पूर्ण कर, आणि गुरूसमोर बसून कर, नुसती परीक्षेपुरती नको. गायन समाज देवल क्लबात मैफल असेल तेव्हा जाऊन मागं बस. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात राहून गायले त्या गावात कान फुकट तयार होतो, फक्त जाऊन बसायला लागतं. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. तो गायन-वादन-नाट्याचा विभाग आहे हे लक्षात ठेवून जा, साऊंड इंजिनिअरिंगची पदवी समजून जाऊ नको. संगीतातच खोल जायचं ठरलं तर उत्तम. आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्या तरी साऊंडवाल्याकडं काम धर. पहिले सहा महिने केबल गुंडाळशील, तेही शिकण्यातच आलं.

पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयची, म्हणजे सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटची, परीक्षा दे. साऊंड रेकॉर्डिंग आणि साऊंड डिझाइनचा तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण बारावीला फिजिक्स लागतं, आणि ते तुझ्याकडं आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही साऊंडचा असाच अभ्यासक्रम आहे. जागा मोजक्या, एका फटक्यात होईलच असं धरू नको. माहितीपत्रक दरवर्षी स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नको, मी सांगितलेलं असलं तरी. रसूल पूकुट्टींना २००९ मध्ये साऊंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळालं, ते एफटीआयआयचे विद्यार्थी. त्याआधी त्यांनीही फिजिक्समध्येच बी.एस्सी. केलेलं. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये काढलेलं के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीही आहे. गाणं बांधणं आणि तंत्र दोन्ही हवं असेल तर ते बघ, पण खर्चाचा हिशोब आधी.

तुझ्या वडिलांच्या इंजिनिअरिंगच्या म्हणण्याला मी हसणार नाही. ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचं इंजिनिअरिंग, केलेली माणसं या धंद्यात आहेत आणि चांगली आहेत. सिग्नल प्रोसेसिंग म्हणजे आमच्या प्रत्येक यंत्राच्या आतलं गणित, ते तिथं नीट शिकवतात. माझी धास्ती एवढीच की त्या चार वर्षांत सबमिशन आणि बॅकलॉगमध्ये कान मरतो. गणित मनापासून आवडत असेल तर त्यांचं ऐक. नुसतं 'नोकरी मिळेल' म्हणून जाणार असशील तर बी.एस्सी.मध्ये रियाजाला वेळ तरी उरतो. वडिलांना असं विचारून बघ: फाउंड्रीत ओतकाम शिकलेला माणूस बरा की धातू कशामुळं चिरतो हे कळणारा? त्यांना उत्तर माहीत असणार.

कोल्हापूर सोडायला लागेल का? कधी तरी, हो. पण आत्ताच नको. एक गंमत सांगतो. प्रभात कंपनी निघाली ती कोल्हापुरात, १९२९ ला. १९३२ चा त्यांचा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट इथंच तयार झाला, म्हणजे पडद्यावर मराठी आवाज कसा उमटवायचा ते या गावातली माणसं चुकत-माकत शिकली. पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली, आणि त्या प्रभातच्या जागेवरच आज एफटीआयआय उभी आहे. तेव्हा तू गेलीस तर वाट जुनीच. अर्थात या इतिहासानं महिन्याचं भाडं निघत नाही. इथलं काम म्हणजे लग्न, मंडळं, कीर्तन, ऑर्केस्ट्रा, सभा आणि वर्षातनं काही नाटकं. पोट भरतं, कान वाढत नाही.

आतापर्यंतचं आवरून सांगतो: घरी न येणारं म्हणजे ध्वनिशास्त्र, तयार कानांची संगत आणि चुका दाखवणारी माणसं. पहिलं बी.एस्सी.त, दुसरं गुरूकडं आणि मैफलीत, तिसरं कामावर. तिन्ही एका छताखाली देणारी जागा पदवीनंतर शोध.

कामावर जाशील तेव्हाच्या दोन गोष्टी मात्र आत्ताच सांगून ठेवतो, कारण त्या कुठल्या पुस्तिकेत नसतात. पहिली म्हणजे अर्थिंग. स्पीकरमधनं घुंईऽऽ असा आवाज यायला लागला की आपल्याकडचा जुना इलाज म्हणजे प्लगची तिसरी पिन काढून टाकायची. आवाज जातो, आणि माणूस मरायची सोय होते. एका गावच्या गणपतीत गायिकेनं माईकला ओठ लावले आणि चटका बसून दोन पावलं मागं गेली. गिटारचा अॅम्प्लिफायर एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्या बोर्डवर, आणि पिन कुणीतरी छाटलेली. तेव्हापासून माझी सवय आहे: सगळ्या साऊंडला करंट एकाच बोर्डवरनं, लाइटच्या डिमरपासून लांबनं, आणि मीटरनं अर्थ तपासल्याशिवाय माईक चालू नाही. तू केबलला सोल्डर करायला आणि मल्टिमीटर वापरायला शिक. यावर मुलगी म्हणून कुणी तुला बाजूला सारायला गेलं तर हातात मीटर असलेल्या माणसाशी वाद घालणं अवघड जातं.

दुसरी, कान. आपल्याकडं स्पीकरच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला, आणि आपण त्यांचं नाव छाती हादरवणाऱ्या गाडीला दिलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ऑपरेटर म्हणून पैसे चांगले मिळतात, तुला कुणीतरी बोलावेलच. हिशोब असा आहे: ८५ डीबीला दिवसात आठ तास कान तग धरतो, आणि दर तीन डीबीला ही मुदत निम्मी होते. १०० डीबीला उरतात पंधरा मिनिटं. भिंतीसमोर आकडा त्याच्याही वर असतो आणि मिरवणूक पंधरा मिनिटांत संपत नाही. मी तरुणपणी चार वर्षं ती कामं केली. माझ्या ऑडिओग्रामवर, म्हणजे कान तपासणीच्या आलेखावर, डाव्या कानाच्या रेषेत ४ किलोहर्ट्झपाशी खड्डा आहे, आणि रात्री पंखा बंद केला की त्या कानात बारीक शिट्टी वाजत असते. आता मिक्स करताना 'स' आणि 'श'ची धार तपासायला दुसऱ्याला बोलावतो. कामावर जाताना कानात बुचं घाल, लाज वाटून काढू नको.

आता एक काम सांगतो, कुठल्याही फॉर्मवर सही करायच्या आधी कर. बाबांच्या मंडळात नाही तर गुरूकडं तानपुरा असेलच. तो पेटीच्या काळी एकला जुळवून घे, खर्ज नीट बोलेपर्यंत. मग पेटीवर काळी एकचा गंधार दाबून धर, तानपुरा चालू ठेव आणि डोळे मिट. पेटीचा गंधार समान बारा भागांच्या सप्तकातला, ३४९.२ हर्ट्झचा, तानपुऱ्याचा ३४६.५ चा. दोन्हींतल्या फरकाचे ठोके ऐकू येतात, म्हणजे आवाज लहान-मोठा होत झुलतो, सेकंदाला पावणेतीनच्या आसपास. याच फरकाच्या मागं लागून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी, डेप्युटी कलेक्टरी केलेल्या माणसानं, १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांवर, पुस्तक छापलं होतं. तुझी पेटी किती जुनी आणि तिचे सूर कुणी कधी लावले यावर आकडा बदलेल. मोबाइलवर रेकॉर्ड कर, दहा सेकंदांतले ठोके मोज आणि दहानं भाग. पावणेतीनऐवजी चार आले तर पेटी चढीय की तानपुरा उतरलाय, ते कसं ओळखशील ते मला लिहून कळव.